सपातांतली नवरी

आमच्या मोराव्हियात, म्हणजे चेक देशाच्या पूर्वेकडच्या भागात, लग्नाचं जेवण झालं की नवरी पळवतात. घाबरू नका, पळवणारे नवऱ्याचेच मित्र असतात. नवरा कुणा मामाशी बोलण्यात गुंतला की हे लोक नवरीला टेबलावरून उठवतात, मागच्या दाराने गाडीत कोंबतात आणि कुठल्यातरी पबात नेऊन बसवतात. मग नवऱ्याने एकेक पब धुंडाळायचा. ती सापडली की चारचौघांत तिच्यासाठी गाणं म्हणायचं, पळवणाऱ्यांनी तोवर जे ढोसलं असेल त्याचे पैसे भरायचे आणि नवरी घेऊन परत यायचं. नवरा जितका घामाघूम, तितकं गाव खूश.

मला पहिल्या लग्नात पळवलं होतं. बावीस वर्षांची होते, गाडीत मावत नव्हता इतका घेरदार झगा घातला होता. शेजारच्या गावातल्या पबात नेऊन बसवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. रादोवान आलाच नाही. पळवणारे आधी खिदळत होते, मग घड्याळं बघायला लागले, मग एकेक जण काहीतरी निमित्त काढून सटकला. दिवेलागणीला मी डोक्यावरची जाळी काखोटीला मारली आणि द्राक्षांच्या मळ्यांतून चालत माझ्याच लग्नाला परत आले. नवरदेव पत्ते खेळत बसले होते. मान वर न करता रादोवान म्हणाला, "भूक लागली की येणारच होतीस." सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि तीच चूक झाली, कारण पुढे संसारभर तो हेच म्हणत राहिला. शेवटी तो एका केशकर्तनवालीबरोबर ओस्ट्रावाला निघून गेला, तेव्हा मी काही त्याला शोधायला गेले नाही.

म्हणून साठी उलटल्यावर ओल्द्रिखशी, म्हणजे आमच्या ओल्दाशी, लग्न ठरलं तेव्हा मी पहिली अट घातली, पळवापळवी नाही. ओल्दाचा जिवलग मित्र मेतोदेय, गावच्या बँडमध्ये ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवतो आणि पोटही ट्यूबाएवढंच आहे, तो फारच हिरमुसला.

"लिबा, हा रिवाज आहे! नवरी पळवली नाही तर लग्न पक्कं होत नाही."

"माझा गुडघा दुखतो. पळवायचंच तर खुर्चीसकट पळव."

"बघशील. आज नाही तर उद्या. बेसावध गाठीन तुला."

गुडघा हे सोंग होतं. खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती. ओल्दासारखा गोड माणूस मी पाहिला नाही, पण तो कायम बसलेला. त्याच्या वाइनच्या तळघराबाहेर एक बाक आहे, त्यावर तो बसतो. क्लॅरिनेटसुद्धा बसून वाजवतो. सगळा बँड उभा आणि हा मधोमध खुर्चीत. त्याची बहीण म्हणते, ओल्दा एकदा बसला की उठवायला क्रेन मागवावी लागते. त्याच बाकावर त्याने मला वाइन पाजली होती, मी हसता हसता खाली कोसळायची राहिले होते आणि या वयात प्रेमात पडले होते. आता या माणसाला मला शोधायला गावभर पिटाळायचं आणि पुन्हा दिवेलागणीपर्यंत बसायचं? एकदा झालं तेवढं पुरे. दुसऱ्यांदा मला सोसलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्नानंतर आम्ही रेल्वेने निघालो. ब्रनो, व्हिएन्ना, साल्झबर्ग, लुब्लियाना आणि तिथून खाली समुद्रापर्यंत. व्हिएन्नात मी मोठ्या चक्रीपाळण्यात बसले; ओल्दा खाली बिअर घेऊन बसला आणि माझा पाळणा वर गेला की ग्लास उंच करायचा. साल्झबर्गला मी डोंगरावरच्या किल्ल्यावर चढले. ओल्दा नदीकाठी बाकावर. वरून तो मला बटणाएवढा दिसत होता. मी हात हलवला, बटणाने हात हलवला. मजा येत होती, खोटं कशाला बोलू? रात्री हॉटेलच्या खोलीत आम्ही गादीवर पोरांसारख्या उड्या मारल्या, म्हणजे मी मारल्या, तो बसल्या बसल्या हिंदकळला. पण किल्ल्यावरून उतरताना एकदा मनात आलंच, की मी पलीकडच्या बाजूने उतरले असते, तर हा उठला असता का?

साल्झबर्गहून लुब्लियानाची गाडी धरली. गाडीत शिरल्याबरोबर आम्ही बूट काढले आणि घरच्या सपाता घातल्या. आमच्याकडे त्याशिवाय प्रवास सुरू झाला असं वाटतच नाही. माझ्या सपाता लाल, पुढे लोकरीचा गोंडा. मग डबा उघडला. निघायच्या आधी मी साल्झबर्गच्या खाणावळीतून ताटाएवढी श्निट्झेल, म्हणजे मांसाचे पातळ काप, तळवून घेतली होती, ब्रेडमध्ये घालून, वर लोणच्याची काकडी. ओल्दाने दोन हाणली, माझी पर्स उशाला घेतली आणि डोंगर सुरू व्हायच्या आत घोरायला लागला. पर्समध्ये माझा फोन, पैसे, चष्मा. मी त्याच्या कोटाच्या खिशातून एक नोट काढली आणि सपाता फटकारत कॉफी आणायला खाण्याच्या डब्याकडे निघाले.

तिथे क्लागेनफुर्टच्या बायकांचं अख्खं गायनमंडळ बसलेलं. साल्झबर्गच्या स्पर्धेत त्यांना एकही बक्षीस मिळालं नव्हतं आणि त्या आनंदात त्या पांढरी वाइन पीत होत्या. त्यांची म्होरकी रोसविथा, हातभर कानातली घातलेली, माझ्या सपातांकडे बघून म्हणाली, "या बाई, तुम्ही आमच्यातल्याच दिसता."

माझी जर्मन तोडकीमोडकी, पण वाइनने ती बरीच सुधारते. मी सांगितलं, माझं नुकतंच लग्न झालंय. झालं! एकच गिल्ला झाला. कॉफी राहिली बाजूला. त्यांनी मला टेबलाच्या टोकाला बसवलं आणि नवरीसाठी गाणं धरलं. मग मी आमच्याकडचं एक शिकवलं, ज्यात प्रत्येक कडव्याला टेबलावर मूठ आपटायची असते. मधे कुठेतरी गाडी थांबली. बराच वेळ थांबली. वरून स्पीकरमध्ये कोणीतरी काहीतरी सांगत होतं, पण आम्ही तेव्हा मूठ आपटायच्या ओळीवर होतो. गाडी सुटली. खिडकीत एक लांबलचक निळंशार तळं आलं, त्यात शिडाच्या होड्या. हे ओल्दाला दाखवायलाच हवं, म्हणून मी उठले.

एक डबा ओलांडला, दुसरा ओलांडला. त्याच्या टोकाला एक दार होतं, काचेचं. आमचा डबा त्याच्या पलीकडे असायला हवा होता. पलीकडे नुसते रूळ होते, मागे पळत चाललेले.

मला हसूच फुटलं. कुणी ट्रे उचलून न्यावा तसा आमचा डबा नेला होता, नवऱ्यासकट, श्निट्झेलसकट. मी हसत हसत परत गेले आणि म्हटलं, "माझा नवरा गाडीतून पडला."

"पडला नाही हो," रोसविथाने कपाळावर हात मारला. "फिलाखला गाडी तुटते. मागचे डबे लुब्लियानाला जातात, आपण क्लागेनफुर्टला. सांगत होते की स्पीकरवर!"

"मग फोन करा त्याला," दुसरी म्हणाली.

"फोन त्याच्या डोक्याखाली आहे."

"तुमचा. त्याचाही असेल ना?"

"त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे."

"बरं, तुमचा नंबर तरी सांगा."

"तो मला पाठ नाही. मी स्वतःला कशाला फोन करणार?"

यावर सगळ्या इतक्या हसल्या की एकीची वाइन नाकातून आली. क्लागेनफुर्टला उतरेपर्यंत माझंही हसू टिकलं. स्टेशनातल्या रेल्वेच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, लुब्लियानाच्या गाडीच्या गार्डाला फोन लावला आणि मला ओल्दाचं वर्णन विचारलं. मी म्हटलं, मोठा, गोल, पांढऱ्या मिश्या, बसलेला.

बाई ऐकत राहिल्या. मग फोन ठेवून म्हणाल्या, "त्या जागेवर कोणी नाही. ते गृहस्थ सरहद्दीपलीकडे येसेनित्सेला उतरले म्हणे. सगळं सामान घेऊन."

"कुठे गेले?"

"ते गार्डाला काय ठाऊक?"

माझं हसू तिथेच संपलं. सामान घेऊन उतरला म्हणजे काय? शोधणारा माणूस सामान ठेवून धावतो. सामान घेऊन माणूस घरी जातो, नाहीतर हॉटेलात. कानात रादोवानचा आवाज आला, भूक लागली की येणारच होतीस. मला स्वतःचा इतका राग आला. बाई गं, या वयात काय अडलं होतं तुझं?

गायनमंडळ पांगलं, पण रोसविथा आणि तिच्या दोघी मैत्रिणी माझ्याबरोबर प्रतीक्षालयात बसून राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, मळ्यांतून चालत आले तेसुद्धा. रोसविथाने मग तिचं सांगितलं. तिच्या लग्नात तिलाही पळवलं होतं. या भागातही तसंच करतात.

"तुझा केव्हा आला?" मी विचारलं.

"माझा ना? पळवणारे गाडी सुरू करतात न करतात तोच बॉनेटवर चढून बसला."

मला हेवा वाटला. फिलाखकडून एक गाडी आली, माणसं उतरली, त्यांत तो नव्हता. आणखी एक आली. तिच्यातही नाही. मग मी बाकावर उलटी फिरले आणि फलाटाकडे पाठ करून बसले. नवरा आला नाही तर नाही, पण वाट बघताना तरी कोणाला दिसायचं नव्हतं मला. ऊन कलायला लागलं होतं. पायांतले लाल गोंडे बघून माझं मलाच रडू आलं, आणि मी रडले. रोसविथाने नाक पुसायला गाण्याचा कागद दिला.

तेवढ्यात स्टेशनाबाहेरची फुलवाली आत आली. सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चेक नवरी तुम्हीच का?"

"का?"

"गावात एक वेडा फिरतोय. दोन्ही हातांत सुटकेसा, पायांत घरातल्या सपाता. प्रत्येक पबात शिरतो आणि ओरडतो, माझी नवरी पळवली, कुठे लपवलीत? टेबलांखाली वाकून बघतो. मिश्यावाला आहे. मोठा."

"बसलाय?"

"कसला बसतोय! पळतोय. आता तर त्याच्यामागे मिरवणूकच निघालीय."

मी उभी राहिले. गुडघा कटकन वाजला. ओल्दा पळतोय! मला एका क्षणात सगळं उलगडलं. झोपेतून उठला, बायको नाही, पर्स इथे, बूट इथे, फोन इथे. दुसरा कोणी नवरा पोलिसांत गेला असता. आमच्याकडचा माणूस काय समजणार? मेतोदेयने गाठलं तिला! आणि पळवलेली नवरी कुठे सापडते? पबात. म्हणून हा गाढव स्टेशनात न बघता पब धुंडाळतोय.

"चला," मी म्हटलं.

"हाक मारू या त्याला," रोसविथा म्हणाली.

"हाक? पळवलेली नवरी हाक मारते का कधी? मला पबात जाऊन बसायला हवं. तो अजून गेला नाही अशा पबात. लवकर!"

तिच्या डोळ्यांत चमक आली. मग आम्ही चौघी पळालो. स्टेशनचा सरळ रस्ता, पुढे मी सपाता फटफटवत, मागे तिघी, त्यांच्यामागे फुलांची बादली घेऊन फुलवाली. दगडी ड्रॅगनच्या चौकाशी आलो तर डावीकडच्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला आणि ओल्दाचा आवाज, "इथेही नाही? मग पुढे!" मी थांबले असते तर तिथेच त्याच्या गळ्यात पडले असते. रोसविथाने दंड धरून मला उजवीकडे ओढलं, एका अंगणातून, एका सायकलीवरून, आणि मागच्या दाराने एका पबात घुसवलं.

"नवरी पळवून आणलीय," तिने काउंटरवरच्या माणसाला सांगितलं. "नवरा येतोय."

त्याने एक शब्द विचारला नाही. कोपऱ्यातलं टेबल पुसलं, पुढे वाइन ठेवली, दिवा जरा मंद केला. फुलवालीने माझ्या केसांत काहीतरी पांढरं खोचलं. मी धापा टाकत चेहरा शांत करायचा प्रयत्न करत होते, पण तोंड कानापर्यंत फाकलेलं, मिटेचना.

दार धाडकन उघडलं. ओल्दा. लाल, घामाने ओलाचिंब, शर्ट बाहेर, हातांत दोन सुटकेसा, माझी पर्स गळ्यात अडकवलेली. मागे एक टॅक्सीवाला, सायकलवरचं एक जोडपं, ऑफिसातून सुटलेले काही जण आणि एक कुत्रा.

"माझी नवरी पळवली!" तो गरजला. मग त्याने मला पाहिलं.

सुटकेसा हातातून सुटल्या. सगळा पब टाळ्या वाजवायला लागला. मी उठणार तोच रोसविथाने मला खाली दाबलं. "आधी गाणं!"

ओल्दाला गाता येत नाही. क्लॅरिनेटवर त्याची बोटं मध आहेत, पण गळा म्हणजे गंजलेलं बिजागर. तरी तो उभा राहिला आणि त्याने तेच गाणं धरलं, मूठ आपटायचं. पहिल्या ओळीला कुत्रा भुंकला. दुसऱ्या कडव्याला रोसविथाने दया येऊन साथ धरली, मग तिच्या मैत्रिणींनी, मग टॅक्सीवाल्याने, आणि मुठी आपटून आपटून ग्लास नाचायला लागले. मी एकाच वेळी हसत होते आणि रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

गाणं संपलं तसा तो माझ्यासमोर येऊन थांबला. धापा टाकत होता. मला त्याची कीवच आली.

"ओल्दा," मी हळूच म्हटलं, "मेतोदेय नाही इथे. मला कोणी पळवलं नव्हतं रे. गाडी तुटली."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? केव्हापासून?"

"येसेनित्सेपासून. आधी वाटलं, मेतोदेयचंच काम. उतरलो, स्टेशनासमोरच्या पबात टेबलांखाली बघितलं. मालकीण म्हणाली, अहो, बायको खाण्याच्या डब्यात गेली असेल, तो क्लागेनफुर्टला जातो, तिकडे बघा. मग उलट फिरलो."

"मग तू सरळ स्टेशनात का नाही आलास? मी तिथेच बसले होते!"

"आलो होतो. काचेतून पाहिलं. पाठ करून बसली होतीस."

मी खाली वाकले, पायातली सपात काढली आणि त्याच्या दंडावर हाणली. "मेल्या! मी तिथे रडत होते! रडत होते मी, आणि तू बघून निघून गेलास?"

"फुलवालीला पाठवलं ना लगेच, काय सांगायचं ते पढवून! थांब, ऐक, मारू नकोस!" मी आणखी एक हाणली. पब खूश झाला. "लिबा, तिथे हाक मारली असती तर काय झालं असतं? गाडी चुकलेली बाई सापडली असती. मला गाडी चुकलेली बाई नको होती. मला पळवलेली नवरी शोधून आणायची होती."

माझा हात सपातेसकट वरच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं. "रादोवानचं. मी तुला कधी बोलले नाही."

"सांगायला कशाला हवं? मी तिथे होतो."

"कुठे?"

"बँडमध्ये. मागच्या रांगेत, पोरसवदा होतो. नवरी बँडकडे कशाला बघेल?" तो मिशीतून घाम पुसत होता. "अंधारायला लागलं तरी तो पत्तेच पिसत होता. मला राहवेना. क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि उठलो, म्हटलं मी जातो, मी घेऊन येतो तिला. मेतोदेयने कोट धरून मला खाली खेचलं. म्हणाला, बस गप. तुझी नवरी आहे का?"

"मग?"

"मग काय. बसलो," ओल्दा म्हणाला. "तेव्हापासून बसूनच होतो."

मी सपात खाली टाकली आणि तिच्यात पाय घातला. मग बाजूची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस आता," मी म्हणाले. "सापडले मी."

तो बसला नाही. त्याने माझा हात धरला, रोसविथाला म्हणाला, अजून एक कडवं होऊ द्या, आणि मला उठवून टेबलांच्या मधल्या जागेत घेऊन गेला.